दोन बोटे राखून कापा



या तिमाहीचा धडा स्वयंपाकघरातला आहे. एखाद्या कुंडीत, नाहीतर तळाला भोके पाडलेल्या जुन्या डब्यात, वर्षभर कापता येईल अशी हिरवी पात कशी लावावी, ती कशी टिकवावी आणि वाडीवरच्या कुटुंबाला ती द्यायची असेल तर केव्हा द्यावी, हे मी येथे सांगणार आहे. काम सोपे आहे. तरी मला ते नीट शिकायला तीन वर्षे लागली, आणि त्यातला मोठा भाग मी वाडीवर शिकले. खरे तर तेथे शिकवायला गेले होते मी!

सुरुवात कशी झाली

आम्ही न्हावा शेवा बंदराजवळच्या वसाहतीत राहतो. हे बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. त्याआधी या भागात भातखाचरे, मिठागरे आणि कोळीवाडे होते. आता घरापुढे अंगण नाही, गॅलरी आहे. माझा मुलगा जहाजावर स्वयंपाकी आहे. एकदा फोनवर म्हणाला, "आई, उकडलेल्या बटाट्यावर आम्ही चाइव्ह्ज बारीक चिरून घालतो. कांद्याच्या पातीसारखंच, पण गवतासारखं बारीक. तू लाव ना घरी."

मी बियांचे पाकीट आणले आणि मार्चमध्ये पेरले. एकही बी उगवले नाही. पुन्हा नोव्हेंबरात पेरले. या वेळी केसासारखे बारीक कोंब आले, थंडीभर जगले आणि एप्रिलच्या उकाड्यात पिवळे पडून बसले. दोष माझ्या हाताचा नव्हता, हे मला पुढे कळले. चाइव्ह्ज ही थंड प्रदेशातली वनस्पती आहे. तिचे बी साधारण १५ ते २० अंश तापमानात चांगले उगवते. शिवाय कांद्याच्या कुळातले बी वर्षभरातच जोर गमावते, त्यामुळे दुकानात पडून राहिलेले पाकीट बहुधा वायाच जाते. आपल्या किनाऱ्यावरचा दमट उन्हाळा आणि चार महिन्यांचा पाऊस हे तिचे हवामान नव्हे. महाबळेश्वरला राहणाऱ्या वाचकांनी अवश्य लावावी. आपण किनाऱ्यावरच्यांनी दुसरा मार्ग धरावा.

आपल्या हवेत टिकणाऱ्या तीन पाती

पहिली पात आपल्या घरात आजच आहे. टोपलीतल्या एखाद्या कांद्याला कोंब आला असेल तर तो टाकू नका. अर्धा मातीत आणि अर्धा वर असा कुंडीत बसवा. आठवड्याभरात हिरवी पात वर येते आणि दीड-दोन महिने मिळते. मग डेंगळा म्हणजे फुलाचा दांडा येतो, कांदा पोकळ होतो आणि त्याचे काम संपते.

दुसरी लसणाची पात. पाकळी सोलू नका. टोक वर ठेवून बोटाच्या एका पेराइतकी खोल खोचा. दोन पाकळ्यांत दोन बोटांचे अंतर पुरे. साधारण तीन आठवड्यांत पहिली कापणी होते. अशा तीन-चार कापण्या झाल्या की पाकळीतला साठा संपतो आणि पात बारीक होत जाते. म्हणून दर पंधरा दिवसांनी दुसऱ्या डब्यात आठ-दहा पाकळ्या लावत राहावे.

तिसरी पात कायमची आहे. आमच्या मंडळीत येणाऱ्या एका मणिपुरी परिचारिका बहिणीने मला तिचा एक ठोंब दिला. तिच्याकडे या पातीला "मारोई नाकुप्पी" म्हणतात, आणि तिकडच्या स्वयंपाकात कांदा-लसणाच्या जागी पुष्कळदा हीच वापरतात. इंग्रजीत ती गार्लिक चाइव्ह्ज. चाइव्ह्जची ही चुलत बहीण. चाइव्ह्जचे पान नळीसारखे पोकळ असते, हिचे चपटे, गवताच्या पात्यासारखे असते आणि वास लसणाचा येतो. हिला आपला उकाडा सोसतो. हिचा मोठा गड्डा होत नाही. मुळाशी फुटवे फुटत जातात आणि एका काडीचे वर्षाभरात चांगले दाट बेट होते. आजच्या धड्यातली पात हीच.

एक सावधगिरी. पावसाळ्यात गुलाबी-पांढरी फुले येणारी पावसाळी लिली पुष्कळांच्या कुंडीत असते. तिची पाने दिसायला हुबेहूब अशीच असतात, पण ती विषारी आहे. म्हणून नियम एकच: पान बोटांत चुरगाळा. कांद्याचा किंवा लसणाचा वास आला नाही तर ते तोंडात घालू नका. मुलांनाही हा नियम शिकवा. घरी कुत्रा-मांजर असेल तर ही पात त्यांच्यापासून दूर ठेवा. कांद्याच्या कुळातले काहीही त्यांच्या रक्ताला अपायकारक असते.

माती, पाणी आणि मीठ

खाडीकाठी राहणाऱ्यांनी हा भाग लक्षपूर्वक वाचावा. कांदा आणि त्याचे सगे मिठाला फार नाजूक असतात. आमच्याकडची जमीन भरावाची, खाली खारी. काही ठिकाणी बोअरचे पाणीही मचूळ. सुरुवातीला मी इमारतीच्या मागची माती आणून कुंडी भरली. महिन्याभरात कुंडीच्या काठावर पांढरी कड धरली आणि पानांची टोके जळाली. तो रोग नव्हता, मीठ होते.

म्हणून माती आतल्या शेतातली किंवा रोपवाटिकेतली घ्यावी. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग जाड वाळू. वाळू नदीची हवी, समुद्राची चालणार नाही. नळाचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी द्यावे. रोज घोटभर पाणी घालण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी एकदा तळातून निथळेपर्यंत घालावे, म्हणजे साचलेले मीठ धुऊन जाते. माती पेरभर खोल बोटाने चाचपून पाहावी. बोटाला ओल लागली तर पाणी नको.

भांडे वीतभर खोल असले की पुरते. पाच लिटरचा तेलाचा डबा उत्तम. खिळा तापवून तळाला सहा-सात भोके पाडावीत. ऊन सकाळचे चार-पाच तास हवे. एप्रिल-मेमध्ये दुपारचे ऊन टाळावे.

लावणी आणि कापणी

ठोंब काढताना माती भिजवून घ्या. मुळे सोडवून पाच-सहा फुटव्यांचे झुबके करा. पाने निम्मी छाटा, म्हणजे मुळांवर भार येत नाही. पांढरा भाग मातीत जाईल इतपतच खोल लावा. पहिले आठ दिवस सावलीत ठेवा. नंतर सहा आठवडे कापायचे नाही. हा संयम बहुतेकांना जमत नाही, मलाही जमला नव्हता.

पात वीतभर झाली की कापणीला आली. ओढू नका, ओढल्याने फुटवे मुळासकट हलतात. कात्रीने किंवा विळीने, मातीपासून दोन बोटे राखून कापा. या दोन बोटांतच पुढची पात असते. नवे पान वरून वाढत नाही, बुडातून वर येते. बूड शाबूत राहिले की दोन-तीन आठवड्यांत कुंडी पुन्हा भरते. सगळे बेट एकदम कापू नका. आज एक बाजू, पुढच्या आठवड्यात दुसरी. महिन्यातून एकदा मूठभर शेणखत वर पसरा.

पांढरी फुले आली तर कळ्या असतानाच दांडे खुडून भाजीत घाला, तेही चविष्ट लागतात. दोन-तीन वर्षांनी बेट फार दाट होते आणि पाने बारीक पडतात. तेव्हा ते उकरून चार डब्यांत वाटावे. वाटल्याने मूळचे झाडही सुधारते.

पावसाळ्यात डबा वळचणीला, पण पागोळ्यांखाली नको. आपल्याकडे या पातीला किडीपेक्षा पाणी साचणेच जास्त मारते. काळा मावा आला तर साबणाच्या पातळ पाण्यात फडके बुडवून पाने पुसावीत आणि तासाभराने साध्या पाण्याने धुवावीत.

वाडीवर

आता ज्या कारणाने हा धडा लिहिला तिकडे येते.

कर्नाळ्याच्या डोंगरापायथ्याशी एका कातकरी वाडीवर आमचे महिला मंडळ जाते. खैराच्या झाडापासून कात काढणारे ते कातकरी, असे हे नाव पडले. महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी ही एक. दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. पावसाळ्यात या बहिणी डोंगरातून शेवळे, टाकळा, कुरडू, भारंगी अशा किती रानभाज्या आणतात! त्या भाज्यांची नावेही आम्हा वसाहतीतल्या बायकांना धड येत नाहीत. पण पाऊस संपला की रानाची टोपली रिकामी होते. म्हणून पहिल्या वर्षी मी मंडळात सुचवले की परसबागेसाठी बियांची पाकिटे वाटू. सर्वांना पटले. दिवाळीच्या आधल्या आठवड्यात आम्ही टोमॅटो, पालक, मेथी आणि कांद्याचे बी वाटले, फोटो काढले आणि समाधानाने घरी आलो.

जानेवारीत पुन्हा गेलो तेव्हा वाडीत चार म्हातारी माणसे होती. बाकी दारांना काटक्या लावलेल्या. वाफे केलेले दिसत होते, त्यांत वाळलेली काडीसुद्धा उरली नव्हती. पावसाळा उलटून जून पुन्हा आला, तेव्हा एका मावशीने मला समजावले. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"ताई, दिवाळी झाली की आमी भट्टीवर जातो. उचल घेतलेली असते, जावंच लागतं. तुमी बी दिलं, पानी कोन घालनार?"

वीटभट्टीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत चालतो. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला सारे घर जाते, मुलेबाळे, कोंबड्या, भांडी सगळे घेऊन. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. अहवालात वाचले होते. पण बी वाटताना ते आठवले नाही. वर्षातले सहा-सात महिने जे कुटुंब घरी नसते त्याला आम्ही घराभोवती लावायची बाग दिली होती.

मी मावशींना विचारले, मग काय द्यावे? त्या हसल्या. म्हणाल्या, "संगती नेता येईल असं काय तरी."

त्या वर्षी माझ्या मणिपुरी ठोंबाचे दाट बेट झाले होते. मी ते वाटून सात डबे केले. प्रत्येकाला तारेची कडी. नवरात्राच्या सुमारास नेऊन दिले, म्हणजे भट्टीवर निघेपर्यंत मुळे धरतील. कापायची रीत दाखवायला मी खाली बसले. "मावशी, दोन बोटे राखून..." असे म्हणते आहे तोवर त्यांनी माझ्या हातातून विळा घेतला आणि बरोबर तेवढेच राखून कापले. "कंद खनतो तवा वरचा तुकडा आमी परत पुरतो, ताई. खालचं राखलं तर परत येतं." रानातून कंद काढणाऱ्या माणसाला हा नियम शिकवायला मी वसाहतीतून गेले होते!

डबा उचलून त्या पुढे म्हणाल्या ते मला अजून आठवते. "भट्टीवर पानी असतं. माती मळायला पानी लागतंच. हितं उन्हाळ्यात प्यायला नसतं, तितं या डब्याला मिळंल." भट्टीवरच्या माणसाला ठाऊक असलेली ही गोष्ट माझ्या कुठल्याच हिशेबात नव्हती.

जूनमध्ये सगळे परतले. सात डब्यांपैकी तीन जिवंत आले. एक शेळीने खाल्ला, एक ट्रकमध्ये उलटला, एक दुसऱ्या भट्टीवरच्या बहिणीला दिला गेला, एकाचे काय झाले ते कोणी सांगितले नाही. मावशींचा डबा जिवंत होता. झोपडीच्या मागच्या अंगाला, धुराच्या उलट दिशेला त्यांनी तो ठेवला होता. त्यांची नात तांदूळ आणि सुकटीच्या पाण्यावर कंटाळून ताट सारायची. वर हिरवे कातरून घातले की जेवायची, असे त्या म्हणाल्या. "आन् तिला डब्याला पानी घालायचं काम मिळालं."

येथे मी वाचकांना सावध करते. चिमूटभर पातीने कुपोषण जात नाही. तीत क जीवनसत्त्व, फोलेट आणि गाजराप्रमाणे अ जीवनसत्त्व देणारे द्रव्य असते, पण आपण ती खातो थोडी. पोरांना डाळ, अंडी, मासळी, दूध लागतेच. डब्याने उचलही फिटत नाही. ती वेगळी लढाई आहे, आणि वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ पासून असूनही ती संपलेली नाही. डबा एवढेच करतो की घर जिथे जाईल तिथे ताटात काहीतरी हिरवे असते, आणि ते विकत घ्यावे लागत नाही.

विकत घेणे ही लहान गोष्ट नाही. आमच्या बंदरातून नाशिकचा कांदा थंड कंटेनरांत भरून देशोदेशी जातो. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली आणि मे २०२४ मध्ये ती उठली. त्या महिन्यांत कांदा हाच बातम्यांचा विषय होता. कांद्याचा भाव चढला की वाडीवरच्या भाजीतला कांदा आधी अर्धा होतो, मग नाहीसा होतो. खाडीपलीकडे अलिबागचा पांढरा कांदा भातकापणीनंतर घेतात, त्याच्या माळा रस्त्याकडेला टांगलेल्या आपण पाहतो. त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्याचे शेत म्हणजे हा डबा.

रानात भटकणाऱ्या इस्राएल लोकांना मिसरातल्या कोणत्या गोष्टी आठवल्या ते गणना ११:५ मध्ये आहे. त्या यादीत कांदा आणि लसूण आहेत. घर सोडून गेलेल्या माणसाला जेवणातली चव का आठवते, हे मला मावशींचा डबा पाहिल्यावर समजले.

आणि एक कबुली. त्याच पावसाळ्यात गॅलरीतले माझे बेट पाणी साचून कुजले. चार महिन्यांचा पाऊस डोक्यावर घेऊन मी नेटाने रोज पाणी घालत होते. नवरात्रात मावशींनी आपल्या डब्यातून एक झुबका उपटून माझ्या पदरात घातला. आज माझ्या घरी जी पात आहे ती भट्टीवर जाऊन आलेली आहे.

स्वयंपाकात

ही पात शिजवायची नसते, वरून घालायची असते. फार तापली की तिचा वास उडतो. पिठले गॅसवरून उतरवताना मूठभर घाला. अंड्याच्या पोळीत, ताकात, उकडलेल्या बटाट्यावर, वरणावर घाला. सुका जवळा भाजून, त्यात मिरची, मीठ आणि ही पात चुरून तांदळाच्या भाकरीबरोबर खाऊन पाहा. पात, भाजलेले शेंगदाणे, हिरवी मिरची आणि लिंबू यांची चटणी दोन दिवस टिकते. वाडीवरच्या बहिणी ती भाकरीच्या पिठातच मळतात. ही कृती मी त्यांच्याकडून घेतली, आणि आता आमच्या घरी आठवड्यातून एकदा होतेच.

या तिमाहीचे काम

१. प्रत्येक घराने एक डबा कोंब आलेल्या कांद्याचा आणि एक लसणाच्या पाकळ्यांचा लावावा. यासाठी पैसे लागत नाहीत.

२. ज्यांच्याकडे गार्लिक चाइव्ह्जचे बेट आहे त्यांनी ते वाटून डबे तयार करावेत. डबे नवरात्रापर्यंत वाडीवर पोचले पाहिजेत. दिवाळीनंतर नेऊ नयेत.

३. बियांची पाकिटे विकत घेण्याआधी वाडीवर एक प्रश्न विचारावा: येत्या सहा महिन्यांत तुम्ही कोठे असाल?

महिला मंडळात चर्चेसाठी

आपण दिलेल्या कोणत्या वस्तू वाडीवर वापराविना पडल्या? देण्याआधी आपण कोणाला विचारले होते? वाडीवरून आपल्या घरी काय आले आहे? शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना घाई करू नये. माझ्या गॅलरीत ते रोज डोळ्यांसमोर असते, तरी ते लक्षात यायला मला तीन वर्षे लागली.

आपली बहीण,
न्हावा शेवा